'क्राकातित'चा शेवट: बार फुसका गेला की मुद्दाम जाऊ दिला?

सुरुंगवाला (ऐरोली)

नमस्कार मंडळी. मी इथे वाचणारा माणूस, लिहिणारा नाही. पण तीन आठवडे एक गोष्ट डोक्यातून जात नाही आणि घरात आता कोणी ऐकून घेत नाही, म्हणून इथे.

झालं असं की सूनबाईने एका रविवारी लॅपटॉपवर एक जुना चेक सिनेमा लावला. "बाबा, तुमच्या लायनीतला इंजिनिअर आहे, बघा," म्हणाली. नाव 'क्राकातित', साल १९४८, दिग्दर्शक ओताकार वाव्रा. मला वाटलं खाणीतला इंजिनिअर असेल. कोळसा, पिंजरा, दिवे वगैरे दिसेल. तसलं काही नाही. हा प्रोकोप नावाचा माणूस रसायनवाला. त्याने एक पूड बनवली आहे, चिमूटभर टेबलावर सांडली तर घर जाईल अशी. १८८३ साली फुटलेल्या क्राकाटोआ ज्वालामुखीवरून तिचं नाव ठेवलंय. खाण नसली तरी माणूस ओळखीचा वाटला. झोप नाही, ताप चढलेला, आणि बोलायला लागला की थांबत नाही. असे दोन-तीन जण मी जवळून पाहिलेत.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, कारण प्रश्न त्यातूनच निघालाय. वणी-चंद्रपूर पट्ट्यातल्या उघड्या कोळसा खाणीत चौतीस वर्षं ब्लास्टिंग केलं. शॉटफायरर (सुरुंग उडवणारा) म्हणून लागलो, ऑफिसर म्हणून सुटलो. आता मुलाकडे ऐरोलीत. गॅलरीतून पारसिकचा डोंगर दिसतो. काटईकडे जाणाऱ्या रस्त्याचा बोगदा त्यातून काढायला घेतला तेव्हा मी दोन-तीनदा चालत जाऊन लांबूनच उभा राहून आलो. दगड कसा फुटतो ते बघायची खोड जात नाही. (वॉचमनने एकदा हाकललं. बरोबरच केलं त्याने.)

तर सिनेमा. त्यात सुरुवातीलाच प्रोकोप बेशुद्ध पडलेला आहे, उशाशी डॉक्टर आणि नर्स, आणि पुढचं सगळं त्याच्या तापातून दिसतं. मला हे पटलं नाही. इतका मोठा स्फोट दाखवायचा आणि वर म्हणायचं की ताप होता? म्हणून सुनेला म्हटलं, मूळ पुस्तक बघू. ते चेक लेखक कारेल चापेकचं, १९२४चं. १९२५ साली लॉरेन्स हाइड यांनी इंग्रजीत केलेलं तिने मिळवून दिलं. चष्मा लावून, डिक्शनरी घेऊन बारा-पंधरा दिवसांत संपवलं.

पुस्तकाचा शेवट सांगतो. ज्यांना वाचायचंय त्यांनी इथे थांबा.

प्रोकोप तापात बरळतो तेव्हा त्याचाच जुना सोबती तोमेश या पुडीचं सूत्र ऐकून पळवतो. तोमेशला ती कशी बनवायची ते अर्धवट माहीत. मध्ये बरंच घडतं. बाल्टिन नावाच्या ठिकाणी याला राजवाड्यात ठेवून घेतात, म्हणजे कैदेतच, सूत्र दे म्हणून. तिथे एक राजकन्या. पुढे डाइमन नावाचा एक जण भेटतो, तो याला सगळ्या जगाचा मालक करायला निघालेला. हे सगळं झाल्यावर प्रोकोप तोमेशला शोधत ग्रोटुपच्या कारखान्यापर्यंत पोचतो. तोमेश आत प्रयोगशाळेत बसून तीच पूड जमवतोय. आता ही पूड एका ठरावीक बिनतारी लहरीने पेटते आणि ती लहर सोडण्याची वेळ जवळ आलेली. हा जीव तोडून सांगतो की थांब, उडशील. तो ऐकत नाही. याला पळावं लागतं, आणि मागे ग्रोटुप जातं.

ही लहरीची गोष्ट वाचली तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून पाणी प्यायलो. विजेच्या डेटोनेटरला (दारू पेटवणाऱ्या छोट्या नळीला) रेडिओची भीती असते, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. दारू भरलेल्या फेसजवळ (खडकाच्या तोंडाजवळ) वॉकी-टॉकी नाही, मोबाइल आले तेव्हा मोबाइल नाही, ढग जमले की काम बंद, माणसं मागे. चापेकने हे १९२४ साली कादंबरीत घातलंय! कोणी सांगितलं असेल त्याला?

मग शेवटची पानं. रात्रीच्या अंधारात उजाड रस्त्यावर याला एक म्हातारा भेटतो. घोडागाडी आहे, आणि गाडीत एक पेटी, भिंगातून आत जगातली चित्रं दिसतात. आपल्याकडे यात्रेत बायोस्कोपवाला असायचा ना, "दिल्ली का कुतुबमिनार देखो" म्हणत, अगदी तसलाच. चंद्रपूरला महाकालीच्या यात्रेत मी लहानपणी डोळा लावून बघितलेला आहे. तो म्हातारा याला शेकोटीपाशी बसवतो, खाऊ घालतो. आणि प्रोकोपच्या लक्षात येतं की क्राकातित कसं बनवायचं ते आता आठवतच नाही. म्हातारा म्हणतो, बरं झालं. फार मोठं करायला निघाला होतास, आता लहान लहान कामं करशील, लोकांच्या उपयोगाची. मग हा गाडीत झोपतो. संपलं.

आता माझा प्रश्न. हा शेवट तुम्हाला पटला का?

मला पटलेला नाही. विसरणं ही सुटका कशी? आमच्याकडे बार फुसका गेला तर त्याला विसरायचं नसतं. वातीचा बार असेल तर अर्धा तास कोणी जवळ जायचं नाही. भरलेली दारू उकरून काढायची नाही. फूटभर अंतर सोडून शेजारी समांतर नवं भोक पाडायचं, ते भरायचं, त्याच्याबरोबर जुनं उडवायचं. आणि वहीत लिहायचं, कारण पुढच्या पाळीचा माणूस तुमच्या डोक्यात बसलेला नसतो.

का सांगतो तेही सांगून टाकतो. १९९१च्या पावसाळ्यात, रात्रपाळी. मॅगझीनमधून (स्फोटकांच्या कोठारातून) डेटोनेटर मोजून घ्यायचे, उरलेले मोजून परत करायचे. त्या रात्री हिशोब एकाने चुकत होता. चिखल, पाऊस, पहाटेचे चार. मी "वापरला" असं लिहून सही केली. सकाळच्या पाळीत माझ्या हेल्परला ढिगाऱ्यात ती चमकणारी नळी सापडली. बोटाएवढी असते. त्याने ती उचलली आणि तारेला हात घातला. दोन बोटं गेली, तिसरं वाकडं राहिलं. त्याने माझं नाव घेतलं नाही कधी. चौकशीत नाही, नंतरही नाही.

प्रोकोपचे हातही असेच आहेत, जुन्या स्फोटांनी फाटलेले. त्याला विसरायला मिळालं. मला का नाही, असं नाही म्हणत मी. मला इतकंच कळत नाही की लेखकाने ते बक्षीस म्हणून का दिलं.

मोठं झालं, माफ करा.

---

बॅकअप_घे_रे (घणसोली)

काका, मस्त लिहिलंय, पण माझा बाळबोध प्रश्न. एवढं जग हादरवणारं सूत्र त्याने कुठेच लिहून ठेवलं नव्हतं? एक वही? आमच्याकडे सर्व्हरचा पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात होता आणि तो गावी गेला, तेव्हा तीन दिवस सगळे प्रोकोप झाले होते.

---

माळ्यावरची_पुस्तकं (नौपाडा, ठाणे)

सुरुंगवाला काका, तुमचा धागा काल रात्री वाचला आणि सकाळी परत वाचला.

प्रोकोप खाणीतला नसला तरी चापेक खाणीपासून लांबचा नव्हता. तो १८९०चा, माले स्वातोन्योविचे या कोळशाच्या खाणींच्या गावी जन्मलेला, वडील तिथे डॉक्टर. पुढे १९३७ साली त्याने खाण कोसळल्यावर आत उतरणाऱ्या बचाव तुकडीवर एक अख्खी कादंबरी लिहिली, 'पर्व्हनी पार्ता', म्हणजे पहिली तुकडी. सतरा वर्षांचा पोरगा नायक आहे त्यात. ती मिळवून वाचाच, ती खरी तुमच्या लायनीतली. तिच्यावरही याच वाव्राने सिनेमा काढला.

हा तोच चापेक ज्याच्या 'आर.यू.आर.' नाटकातून १९२० साली 'रोबो' शब्द आला. शब्द सुचवला भाऊ योसेफने. चेकमध्ये 'रोबोता' म्हणजे वेठ. वेठबिगारीवाली वेठ. कृत्रिम माणसाला याने नाव दिलं ते गरिबाच्या पाठीवरच्या कामाचं, हे मला फार आवडतं. आणि १९२९ला त्याने बागकामावर पुस्तक लिहिलं. जगाचा अंत लिहिणारा माणूस उरलेल्या वेळात खत आणि गोगलगायींची काळजी करत होता.

त्यामुळे शेवटच्या म्हाताऱ्याबद्दल माझं मत असं. डाइमन आणि हा म्हातारा या दोघांना शेजारी ठेवून बघा. डाइमन प्रोकोपला वरून जग दाखवतो, हे सगळं तुझं म्हणतो. म्हातारा पण जगच दाखवतो, पण पेटीतल्या भिंगातून, पोरांना दाखवतात तसं. एकाने जग विकायला काढलंय, दुसरा ते बघायला देतो. तो देव आहे, असं बहुतेक वाचक मानतात. असेलही. पण देव असून त्याला घोड्याला चारा घालावा लागतो, ही गोष्ट मला पुरेशी आहे.

विसरण्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूची आहे. ते मलाही सोपं वाटतं.

---

निवृत्त_मास्तर (कळवा)

मी शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, तेव्हा थोडं बोलतो.

दोन सालं लक्षात घ्या. पुस्तक १९२४चं. सिनेमा १९४८चा. मध्ये हिरोशिमा. पुस्तकात प्रोकोप म्हणतो की कुठलाही पदार्थ फोडता येतो, प्रत्येक वस्तूत ती ताकद कोंडलेली आहे. १९२४ साली हे वाचणाऱ्याला ते कवीचं वेड वाटलं असेल. १९४८ साली थिएटरात बसलेल्या माणसाला नाही वाटणार. वाव्राने सगळी गोष्ट तापात घातली ती मला तरी त्यामुळेच समजते. १९४८ साली त्या गोष्टीकडे जागेपणी बघणं जड जात असेल. पुढे १९८० साली त्याच वाव्राने हीच कथा पुन्हा काढली, 'काळोखा सूर्य' अशा अर्थाच्या नावाने. एकच दिग्दर्शक एकाच गोष्टीकडे दोनदा येतो, म्हणजे त्यालाही तो शेवट सुटला नसावा, असा माझा तर्क.

आता विसरण्याचं. काका, तुम्ही प्रोकोपकडे बघताय. तोमेशकडे बघा ना. प्रोकोपने तापात अर्धवटच बरळलं होतं, तरी तो जवळजवळ पोचला होता. म्हणजे एका माणसाने विसरून सूत्र नाहीसं होत नाही. आज हा विसरेल, उद्या दुसऱ्या गावात दुसरा कोणीतरी रात्री जागत बसेल. चापेकला हे माहीत आहे, म्हणून तर तोमेश कथेत आहे. मग विसरण्याने जग वाचलं असं तो म्हणतच नाही. एका माणसाच्या हातातून तेवढी एक गोष्ट काढून घेतली, हात मोकळा केला. एवढंच.

वर्गात मी मुलांना फॉस्फरस दाखवायचो, पाण्याखाली ठेवलेला. एक पोरगा दर वर्षी विचारायचा, "सर, बाहेर काढला तर?" तो दर वर्षी वेगळा असायचा. प्रश्न तोच.

---

बॅकअप_घे_रे (घणसोली)

मास्तर, शेवटच्या दोन ओळींना दंडवत. माझा पासवर्डचा विनोद मागे घेतो.

---

ऐरोलीची_सून

मीच ती सून. बाबा जेवायला बसलेत, तेवढ्यात लिहिते. ते विचारतील तेव्हा बघू.

बाबांनी तुम्हाला सगळं सांगितलं, एक सोडून. आमच्या सोसायटीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, पोरं उठायच्या आत, बाबा एक बादली अर्धी पाण्याने भरून खाली उतरतात. न फुटलेले फटाके वेचतात. लवंगी, सुतळी बॉम्ब, अर्धवट जळलेली भुईनळ्याची बुडं, सगळं. प्रत्येक बादलीत टाकतात आणि मोजतात. आम्ही इथे राहायला आल्यापासून दर वर्षी. पहिल्या वर्षी सेक्रेटरी हसले होते, आता तेच बादली देतात. एकदा मी गंमतीने विचारलं, "बाबा, मोजता कशाला? टाकलं की झालं." तर म्हणाले, "किती वाजले नाहीत ते आदल्या रात्री गॅलरीतून मोजतो. हिशोब जुळला पाहिजे."

मला वाटलं होतं गंमत करताहेत. आज हा धागा वाचेपर्यंत १९९१चं मला काहीच माहीत नव्हतं.

---

माळ्यावरची_पुस्तकं (नौपाडा, ठाणे)

ताई…

काका, आता मला त्या म्हाताऱ्याच्या ओळीवर तुमचं मत परत ऐकायचंय. लहान कामंवाल्या.

---

सुरुंगवाला (ऐरोली)

सूनबाईने घरातलं घराबाहेर नेलं. आज रात्री तिच्या हातची भाजी मुद्दाम अळणी म्हणणार आहे.

मास्तर, तोमेशचं तुम्ही म्हणता ते मी पाहिलंच नव्हतं. मी सगळा वेळ प्रोकोपच्या जागी बसून वाचत होतो. खरं म्हणजे त्या रात्री मी तोमेश होतो. घाई त्याला होती. समोर माणूस ओरडून सांगतोय, आणि हा म्हणतो, थोडंच राहिलंय. मीही वही पुढे ओढली तेव्हा तेच म्हटलं असेल स्वतःशी, की थोडंच राहिलंय, चहा झाला की घरी. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खोटंही वाटत नाही.

नौपाड्याच्या ताई, तुमच्या प्रश्नावर. काल रात्री शेवटची पानं परत काढली, या वेळी सुनेला वाचायला लावली, मी डोळे मिटून ऐकली. तेव्हा एक लक्षात आलं. म्हातारा याला कुठेही "तुझी चूक नाही" असं म्हणत नाही. ग्रोटुप गेलं, माणसं गेली, त्यावर तो पांघरूण घालत नाही. याला आठवत नाही ती फक्त कृती, म्हणजे बनवायचं कसं ते. जे घडलं ते आठवतंच की. मी दोन्ही एकच समजून रागावलो होतो. तेवढा राग मागे घेतो. सगळा नाही. तो गाडीत इतक्या लवकर झोपतो, हे मला अजून खटकतं. मी लेखक असतो तर त्याला निदान घोडा सोडायला तरी लावलं असतं.

आणि बॅकअपवाल्या, तुमचा प्रश्न मागे घेऊ नका, तो चांगला आहे. लिहून ठेवलं होतं की नाही यावर सगळी कादंबरी उभी आहे, आणि माझी चौतीस वर्षंही.

हेल्परशी फोनवर बोललो आज. बऱ्याच वर्षांनी. वरोऱ्याला असतो, नातवंडं आहेत. त्याला हा सिनेमा, पुस्तक काही सांगितलं नाही, काय सांगणार बाप्पा. हवापाण्याचं बोललो. मग मी विचारलं, बोटं दुखतात का थंडीत. म्हणाला, जी नाहीत तीच दुखतात साहेब, जी आहेत ती चांगली आहेत. आणि हसला. मग म्हणाला, दिवाळीला इकडे या, फटाके नका आणू पण.

बादलीचं सूनबाईने सांगितलंच आहे म्हणून. गेल्या वर्षी तेवीस निघाले. रात्री मोजलेल्यात आणि त्यात दोनाचा फरक होता. एक गटाराच्या जाळीखाली सापडला. दुसरा दुपारपर्यंत शोधला, मग बी विंगच्या पोराने खिशातून काढून दिला.